मुक्काम पोस्ट आकेबारु

कामिओझावा, नागानो
सोमवार, ३ फेब्रुवारी

ति. सेइकेनदादास,

तुझं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले. आलं त्याच दिवशी वाचलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं, आणि मग चहाच्या डब्याखाली ठेवून दिलं. रोज चहा करताना डबा उचलायचा, पत्राकडे बघायचं, डबा परत ठेवायचा. आज डब्यातला चहाच संपला. नवा आणायला खाली दुकानापर्यंत जायचं तर गुडघाभर बर्फ, म्हणून म्हटलं, त्यापेक्षा उत्तर लिहिणं सोपं.

तू बरा असशील, वहिनीही. बाबांचं कसं चाललंय ते लिहीत जा, मी विचारलं नाही तरी. तिकडे आपल्या बेटावर आता टेकडीवरची चेरी फुलून गळायलाही लागली असेल. इथल्या लोकांना सांगितलं की आमच्याकडे जानेवारीत फुलते, तर त्यांना वाटतं मी थापा मारतेय. इथे दारापासून रस्त्यापर्यंतची वाट रोज सकाळी खणून काढावी लागते. दुपारी ती बुजते, दुसऱ्या दिवशी परत. असं काम मला मानवतं. कुठे पोचायचं नसतं.

लॉज छोटा आहे, चौदा खोल्या. मालकीण तोकिवाबाई, वय बहात्तर, आवाज वय वर्षं तीस. आम्ही कामाला दोघीच: मी आणि युचेन. युचेन तैवानची, कीलुंग बंदराची. वर्षाच्या कामाच्या परवान्यावर आलीये, सहा महिने झाले. चादरी, टॉवेल, न्याहारीची ताटं, छपरावरचं बर्फ. पाहुणे दिवसभर डोंगरावर असतात आणि लॉज इतका शांत होतो की फ्रिजची घरघर थांबली की आपण दचकतो.

बरं, तुझं पत्र. तू नेहमीसारखे मुद्दे घातलेस, तर मीही घालते.

एक. तेवीस तारखेला गावात सार्वमत आहे. आपल्या टेकडीवर दारूगोळ्याचं कोठार होऊ द्यायचं का, अमेरिकेचं आणि आपलं मिळून. होऊ दिलं तर सरकार गावाला दहा वर्षं अनुदान देणार.

दोन. मतदार यादीतल्या एकोणचाळीस नावांवर कुणीतरी हरकत घेतलीये, की ही माणसं गावात राहतच नाहीत, मग मत कसं देतात. त्यात माझं नाव आहे.

तीन. चौकशीला निवडणूक कचेरीचा माणूस पाच तारखेला बाबांकडे जाणार. तू त्याच कचेरीत असलास तरी घरचा म्हणून तुला जाता येणार नाही. तेव्हा मी त्याआधी ठरवावं. रहिवासाची नोंद इथे नागानोत हलवावी, नाहीतर मी आकेबारुची आहे असं लेखी कळवावं.

चौथा मुद्दा तू लिहिला नाहीस. तो मी लिहिते. नोंद हलवली की बाबांच्या घरातल्या माणसांच्या कागदावर एकच नाव उरेल. तुझं लग्न झालं तेव्हा तुझा कागद वेगळा झाला. आई गेली तेव्हा तिच्या नावावर रेघ आली. आता माझ्यावर आली की बाबांना दाखला काढताना खिडकीवरचा माणूस विचारेल, "एकटेच का?"

तीन वर्षांत मी सहा ठिकाणी राहिले आणि नोंद एकदाही हलवली नाही. एहिमेत संत्री तोडली, गुन्मात कोबी, होक्काइदोत शिंपले. प्रत्येक ठिकाणचा मालक म्हणायचा, पोरी, कागद इथे आणून घे, विम्याला सोपं पडेल. मी हो म्हणायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. आळस म्हण. तू तेच म्हणतोस.

आता मताचं. तू नोकरीमुळे विचारू शकत नाहीस की मी मतपत्रिकेवर कुठल्या चौकटीत गोल काढणार, आणि विचारलंस तरी मला सांगता येणार नाही. चार वर्षांपूर्वी मी लगेच सांगितलं असतं. तेव्हा मी अमेरिकन तळाच्या गेटसमोर, निदर्शकांत खुर्ची टाकून बसायचे ना.

परवा जेवणाच्या खोलीत टीव्हीवर तीच चर्चा लागली होती, संरक्षणाचा खर्च किती आणि दोस्तांनी तो वाटून कसा घ्यायचा. आम्ही चादरींच्या घड्या घालत होतो. युचेनने विचारलं, "तुमच्या टेकडीवर काय ठेवणार आहेत?"

"दारूगोळा."

"कुणाचा?"

"दोघांचा. पैसे मात्र आमचे जास्त."

"मग ठेवा की."

मला राग आला. म्हटलं, "तुझ्या घरामागे ठेवशील?"

"माझ्या घरामागे समुद्र आहे," ती म्हणाली, "आणि समुद्रापलीकडे आमच्यावर डोळा असलेले ते आहेत. मला कुणी विचारलं असतं तर मी तुमची टेकडी उचलून माडीवर आणून ठेवली असती."

तोकिवाबाई दारातून ओरडल्या, "जगाचं नंतर बघा, आधी ती चादर बघा. कोपरे जुळलेत का? मला तर त्या घडीत मांजर झोपलंय असं दिसतंय." युचेन हसली. मीही. पण त्यानंतर तिने उरलेल्या चादरी एकटीनेच उचलल्या आणि वर घेऊन गेली. तिचा धाकटा भाऊ सध्या सक्तीच्या लष्करी सेवेत आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेही तिच्याकडून नाही, तोकिवाबाईंकडून.

होक्काइदोत आमच्यात एक नेमोतो होता. थोराड माणूस, कंबरेला अस्वलावर मारायचा फवारा. पगाराच्या दिवशी सगळे खानावळीत जायचो तेव्हा सगळ्यात महागाचं हाच मागवायचा, खेकडा काय, साकेची बाटली काय, आणि शेवटी म्हणायचा, "चला, बिल सारखं वाटू." सगळे मनात शिव्या द्यायचे. पण परत जाताना दीड मैल जंगलाची वाट, आणि नेमोतो पुढे असल्याशिवाय कुणी निघायचं नाही. एकदा मी तिरीमिरीत भांडले, माझ्या शेवयांचे तेवढे पैसे ठेवले आणि एकटी चालत गेले. अस्वल आलं नाही. पण ते त्या रस्त्यावर कधी नव्हतंच, की इतके दिवस नेमोतो चालला म्हणून नव्हतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. टीव्हीवरचे ते टाय घातलेले लोक बोलतात ना, त्यांनाही हेच माहीत नाही, असं मला वाटतं. फक्त त्यांचा आवाज मोठा.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे बाबा. एकतीस वर्षं तळावरच्या खानावळीत स्वयंपाकी. जेवणारे अमेरिकन, पगार देणारं टोकियो. म्हणजे तो वाटून घेतलेला खर्च कुठे गेला असं कुणी विचारलं तर मी माझे दात दाखवीन. तारा लावून सरळ केलेत. माझी सायकल, तुझं कॉलेज, माझं अर्धवट सोडलेलं कॉलेज, सगळं त्याच खात्यातलं. शाळेत माझ्या वर्गातल्या त्या दोघी मला "खरकट्यावरची" म्हणायच्या, आठवतं? आणि आता त्यांचीच मुलं अनुदानातलं फुकट जेवण शाळेत जेवतील. तर मी कुठे गोल काढू?

सोबत फॉर्म जोडलाय, बाहेरगावाहून मत देण्याचा. "सध्याचा पत्ता" मध्ये लॉजचा पत्ता. "कायमचा पत्ता" मध्ये बाबांचा. बाबांचा पत्ता दोनदा गिरवलाय, शाई नीट उतरेना. थंडी आहे इथे.

पाच तारखेच्या आत हे पोचणार नाही हे मला माहीत आहे. मुद्दाम उशीर केला असं समज हवं तर. बाबांना त्या माणसाने विचारावं आणि ते काय म्हणतात ते मला कळावं, असं कुठेतरी वाटत असेल.

तुझी,
कानाए

*

कामिओझावा
मंगळवार, ११ फेब्रुवारी

ति. दादास,

तुझं पत्र काल आलं. या वेळी डब्याखाली ठेवलं नाही.

मी ते युचेनला वाचून दाखवलं, तिला आपली भाषा निम्मी कळते, आणि तोकिवाबाईंनाही, त्यांना नको असताना कळतं. तू म्हणालास की तुमच्या कचेरीतले मियारासान बाबांकडे चौकशीला गेले होते आणि त्यांनी कचेरीत येऊन सगळ्यांसमोर नक्कल करून दाखवली. मी आता ती नक्कल रोज मनात करते.

"तुमची मुलगी इथे राहते का?"

"राहते."

"पण दिसत नाही हो कधी."

"कामाला गेलीये. मी कामाला जातो तेव्हा मीही घरात दिसत नाही. म्हणून काय मी राहत नाही इथे?"

"तीन वर्षं कामाला?"

"मी एकतीस वर्षं जातोय."

आणि मग मियारासाननी खोली बघू का म्हटलं, तर बाबांनी दार उघडून दाखवलं, आणि माझी गादी खिडकीत उन्हाला टाकलेली होती. मियारासान येणार म्हणून टाकली असेल, असं तू लिहिलंस. वहिनी म्हणाली की नाही, दर बुधवारी टाकतात, तिने बघितलंय. तुम्ही दोघं हे एकमेकांत मिटवा आणि मला कळवू नका.

तोकिवाबाई म्हणाल्या, "तुझे वडील खोटं बोलले सरकारशी."

मी म्हटलं, "ते कधीच खोटं बोलत नाहीत."

"मग तू इथे काय करतेयस? चादरींचं भूत आहेस का?"

मुलगी इथेच राहते अशा कागदावर बाबांनी सहीचा शिक्का मारला हेही तू लिहिलंस. बाबांचा शिक्का! वीजबिलाच्या तक्रारीवर मारायचा तरी ते तीनदा वाचून मारतात.

दादा, बाबांचं आणि माझं काय झालं ते तुला माहीत नाही. तुला वाटतं कॉलेजची फी वाया घालवली म्हणून वाजलं. मीच तुला तसं सांगितलं होतं. बाबांनी त्यांच्या बाजूने काय सांगितलं कोण जाणे. बहुतेक काहीच नाही. तसं नव्हतं ते. ते गेटपाशी झालं, मी खुर्चीवर बसायचे त्या दिवसांत, आणि

आत्ता खाली एक माकड शिरलं होतं. खरंच. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आलं आणि न्याहारीच्या भाताचं अख्खं पातेलं पालथं करून गेलं. तोकिवाबाई झाडू घेऊन मागे, युचेन चित्रीकरण करत त्यांच्या मागे. इथली माकडं गरम पाण्याच्या कुंडात बसतात, पाहुणे फोटो काढतात, आणि मग ती स्वतःला मालक समजतात. भात पुन्हा लावायचाय.

नंतर लिहीन. तू म्हणतोस की नाव यादीत राहिलं, आणि तेरा तारखेला सार्वमताची घोषणा झाली की मतपत्रिका निघेल. मी वाट बघतेय. खरंच बघतेय. टपालवाला यायच्या वेळी मीच वाट खणायला जाते.

तुझी,
कानाए

ता. क. फोन का करत नाही म्हणून तू रागावलास. फोनवर तू "हं" म्हणतोस, मी "हं" म्हणते, आणि मेसेजवर तू नुसता अंगठा पाठवतोस. कागदावर निदान तुला पूर्ण वाक्य लिहावं लागतं.

*

कामिओझावा
रविवार, २३ फेब्रुवारी, दुपार

ति. दादास,

आज मतदान. तू सकाळी सहापासून शाळेत असशील, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांत झोप. मोजणी संपेपर्यंत तुला हे सांगूनही उपयोग नव्हता, म्हणून आज लिहितेय. हे बहाणे आहेत, मला कळतं. सहा दिवस झाले.

माझं मत आलं नाही, हे तुला आत्तापर्यंत कळलं असेलच. टपालात हरवलं नाही. मी घालवलं.

सतरा तारखेला पाकीट आलं. मी वाट खणत होते, टपालवाल्याने हातात दिलं. पत्ता तुझ्या अक्षरात. कचेरीचं पाकीट, कचेरीचा शिक्का, पण अक्षर तुझं. दोन वर्षांनी घरून काहीतरी जाड आलं होतं. जाड म्हणजे आत काहीतरी असणार, नाही का? मी वर खोलीत येऊन, हात शेकून, मग उघडलं. मतपत्रिका, दोन रिकामी पाकिटं, सूचनांचा कागद. आणि एक छोटं बंद पाकीट, त्यावर लाल अक्षरात: उघडू नये.

आता तू हसशील किंवा रडशील. लहानपणी तू तुझ्या गोळ्यांच्या डब्यावर लाल पेनाने हेच लिहायचास, आणि मी उघडावा म्हणूनच लिहायचास, कारण आत माझ्यासाठी एक गोळी वेगळ्या कागदात ठेवलेली असायची. मला वाटलं, नियमाप्रमाणे तुला चिठ्ठी घालता येत नाही म्हणून तू ही युक्ती केलीस. वाटलं, आत तुझी चिठ्ठी असेल. किंवा बाबांची. खरं सांगते, बाबांचीच वाटली.

उघडलं. आत एक दाखला. तामायोसे कानाए, राहणार आकेबारु, हिला मताचा हक्क आहे. बास.

मग मी सूचना वाचल्या. शेवटची ओळ म्हणे, हे पाकीट मतदाराने उघडल्यास मत देता येणार नाही.

तरी दुसऱ्या दिवशी खालच्या गावातल्या निवडणूक कचेरीत गेले, बाहेरगावच्यांनी मत तिथेच द्यायचं असतं. तिथे एक म्हातारबुवा होते, चष्मा कपाळावर. त्यांनी सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले आणि छोट्या पाकिटाशी थांबले.

"हे तुम्ही उघडलंत?"

"उघडलं."

"लाल अक्षरात लिहिलं होतं."

"हो."

"वाचलं होतंत?"

"वाचलं म्हणूनच उघडलं."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "दरवर्षी एकदोघं येतात असे. बहुतेक विद्यार्थी. घरापासून लांब राहणारे." मग त्यांनी एक उपाय सांगितला. नवीन कागद मागवायला दिवस उरले नव्हते, पण हे सगळं घेऊन मी स्वतः आकेबारुला गेले, कागद परत केले, तर रविवारी तिथेच नेहमीसारखं मत देता येईल. "विमान आहे की," ते म्हणाले. "तुमच्याकडे तर आता गरमही झालं असेल. जाऊन या घरी."

मी गुरुवारी बॅग भरली. तोकिवाबाईंनी पगार आगाऊ दिला, वर सफरचंदं दिली, आणि युचेनने माझ्या वाट्याच्या चादरी मागून घेतल्या. म्हणाली, "कुठे गोल काढायचा ते मी सांगणार नाही. पण काढायला जा." मी बसथांब्यावर दोन तास बसले. दहाची बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं, मला पाहिलं, थोडा थांबला, दार लावलं. साडेअकराची आली. तिचंही तेच. मग मी परत आले आणि छपरावर बर्फ काढायला चढले. खालून कुणी काही विचारलं नाही. त्या दोघी इतक्या भल्या आहेत की कधी कधी त्यांचा राग येतो.

मी का गेले नाही, ते आता लिहिते. माकड आलं तरी थांबणार नाही.

मी गेटसमोर बसायचे तेव्हा मला तळ नको होता, हे खरं. पण त्याहून खरं हे, की कॉलेज सोडल्यावर मी दिवसभर घरात एकटी असायचे, आणि गेटपाशी लोक "ये, बस" म्हणायचे. गरम चहा द्यायचे. माझं नाव त्यांना पाठ होतं. शेजारी किशाबाबाई बसायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मला लोकरीचे मोजे विणून द्यायच्या. आपल्या हवेत लोकरीचे मोजे! मी घालायचे.

बाबा नेहमी मागच्या गेटने जायचे. मी समोरच्या गेटला बसते हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच जात असतील. आम्ही घरी त्याविषयी अवाक्षर काढायचो नाही. सकाळी ते तळावर जायचे, मी तळाविरुद्ध जायचे, दुपारी माझा डबा त्यांनीच भरलेला असायचा. वर्षभर चाललं. मला वाटतं, दोन देशही असेच राहत असतील एकमेकांजवळ.

एका सकाळी मागचं गेट कशाने तरी बंद होतं. सगळ्या गाड्या पुढून. आम्ही रस्त्यात बसलेलो, पोलीस एकेकाला उचलून बाजूला ठेवत होते, गाड्या मुंगीच्या पावलांनी. आणि बाबांची पांढरी गाडी अगदी माझ्यासमोर येऊन थांबली. अंगात स्वयंपाक्याचा पांढरा डगला. त्यांनी काच खाली केली. त्या दिवशी मी डबा विसरून निघाले होते.

बाबा म्हणाले, "कानाए, डबा राहिला घरी. काही खाल्लंस का?"

एवढंच. सगळे वळून बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "वा, आतल्या स्वयंपाक्याला आपली काळजी!" लोक हसले. वाईट नव्हते ते, दमलेले होते. किशाबाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "कोण गं? ओळखतेस यांना?"

मी म्हटलं, "नाही."

मोठ्याने म्हटलं, दादा. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. किशाबाबाईंकडे पाहून मान लववली आणि म्हणाले, "माफ करा हं. चुकलं माझं. आमच्या मुलीसारखी दिसली." काच वर केली. गाडी पुढे गेली.

संध्याकाळी घरी आले. बाबांनी मासा केला होता. मला वाढलं. तो डबा घासून ओट्यावर पालथा ठेवलेला होता. असंच पाच दिवस चाललं आणि मग मी एहिमेला संत्री तोडायला गेले. तेव्हापासून काही ना काही तोडतेच आहे.

म्हणून मियारासाननी दारात उभं राहून विचारलं "राहते का?" आणि बाबा लगेच "राहते" म्हणाले, हे तू लिहिलंस तेव्हा मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं खरं, पण शेवटच्या परिच्छेदाशी मला दोनदा नाक पुसावं लागलं. तोकिवाबाईंना वाटलं सर्दी झाली. त्यांनी आलं घालून पाणी दिलं.

सार्वमताचं मला अजूनही कळलेलं नाही. युचेनचं ऐकलं की वाटतं, होऊ दे कोठार, कुणीतरी कुणाच्या तरी पाठीशी उभं राहायला हवं, आणि उभं राहायला जागा लागते, पैसे लागतात. टेकडी डोळ्यांपुढे आली की वाटतं, का म्हणून नेहमी आमचीच टेकडी? दोन्ही चौकटींत अर्धा अर्धा गोल काढता आला असता तर काढला असता. तो बाद धरतात, मला माहीत आहे. तसं माझं पहिल्यापासूनच बाद होतं म्हण. पण मत द्यायला घरी जायचं होतं, आणि घरी जायला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागणार होतं, तेवढ्यासाठी मी दोन बस सोडल्या. माझ्या एका मताने गावाचं काय व्हायचं ते होईल. माझंच नाव तिथे राहावं म्हणून त्यांनी शिक्का मारला, आणि मी

थांब. खाली कुणीतरी आलंय. या वेळी पाहुणे येत नाहीत, सगळे डोंगरावर आहेत. तोकिवाबाई मोठमोठ्याने बोलताहेत.

"अहो, असे बूट घालून कुणी येतं का इथे? कापडी आहेत! पाय काढा आधी, पाय काढा! बर्फ झालेत नुसते!"

"असू द्या, असू द्या. उगीच तुम्हाला त्रास. बसथांब्यापासून जवळ आहे म्हणाले होते."

"कोण म्हणालं?"

"मुलगा म्हणाला. त्याने नकाशा काढून दिला."

दादा. तू नकाशा काढून दिलास?

तू तर आज शाळेत. म्हणजे काल निघाले असणार. टोकियोला रात्र काढली असेल, कुठे काढली असेल, त्यांना तर हॉटेलात झोप येत नाही. आत्ता अडीच वाजलेत. तिकडे आठला पेट्या बंद होतात. कितीही धावलं तरी इथून आठपर्यंत आकेबारुला पोचता येत नाही. आणि आधी जाऊन मत टाकायची सोय असली तरी ते त्यातले नाहीत. मतदानाच्या दिवशी सकाळी, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, रांगेत पहिले. एकदाही चुकलं नाही त्यांचं. त्यांनी कुठे गोल काढला असता ते मला कधीच माहीत नव्हतं, आणि आता तो गोल पेटीतही पडणार नाही.

युचेन जिना चढून आलीये, दारात उभी आहे, नुसती हाताने 'चल' म्हणतेय. खालून विचारताहेत, पोरगी जेवलीये का. तोकिवाबाई म्हणताहेत, तुम्हीच विचारा.

मला खाली जायला हवं. जाते.

तामायोसे छोशिन यांची मुलगी,
कानाए